कोरड्या हाताची नोंद

१

डबा सापडला तो बर्फ भरताना. सकाळी सात वाजता होड्या धक्क्याला रांगेत लागल्या होत्या, बर्फाच्या कारखान्यातली माणसं एकेका होडीच्या पेटीत बर्फाचा भुगा ओतत होती, आणि त्यांतल्या एकाने जागा करायला म्हणून पेटीच्या तळाचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उचलून बाहेर ठेवला. डबा खुळखुळला. खुळखुळणारा डबा हातात आल्यावर झाकण न उघडणारा माणूस अजून जन्मायचा आहे. याने उघडलं. आत सात पिवळे बिल्ले होते.

बिल्ला म्हणजे करंगळीएवढी प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर नंबर छापलेला असतो आणि ती माशाच्या पाठीत, पंखाच्या मुळाशी, दोऱ्याने ओवून बसवतात. मासा पुन्हा कुणाच्या जाळ्यात आला की बिल्ला धक्क्याजवळच्या ऑफिसात आणून द्यायचा. मासा कुठे गेला, किती वाढला हे त्यावरून कळतं. त्यातही पिवळे बिल्ले फक्त बंद खाडीतल्या माशांचे. दोन वर्षांपूर्वी मासे अगदीच रोडावले, तेव्हा सगळ्यांनी मिळून ती खाडी तीन वर्षांसाठी बंद केली होती. तोंडाशी खांब ठोकून जाळीचं कुंपण घातलं आणि बिल्ले लावलेले मासे आत सोडले. वीतभर मासासुद्धा त्या जाळीतून बाहेर पडत नाही. म्हणजे पिवळा बिल्ला कुणाच्या होडीत सापडला, तर त्या माणसाने कुंपणावरून आत जाळं टाकलं, असाच त्याचा अर्थ.

आणि होडी कुणाची? तर खाडी बंद करा म्हणून ज्याने घरोघर हिंडून लोकांच्या विनवण्या केल्या, त्याचीच. गावात त्याला सगळे धाकटा म्हणायचे, कारण त्याची थोरली बहीण धक्क्यावर सगळ्यांना माहीत होती.

ती थोरली त्या वेळी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला माप कोरलेल्या पाटावर माशांची लांबी मोजत बसली होती. तिला मोजणीबाई म्हणत. येणाऱ्या टोपल्यांतले मासे पाटावर ठेवायचे, नाक खुंटीला लावायचं, शेपटीपाशी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. गुडघे कुरकुरत होते, पण मोजायची सवय अशी मुरली होती की जिना चढतानाही ती पायऱ्या मोजायची, आणि लग्नाच्या पंगतीत पानं.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन स्वतः तिच्यापाशी आले. बर्फाचा कारखाना त्यांचाच. खाडी बंद झाल्यापासून बर्फाचा खप निम्म्यावर आला होता, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"बाई, वाईट बातमी आहे," ते म्हणाले. "तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो."

सगळं ऐकून तिने हातातला मासा खाली ठेवला. "डबा तुमच्याच माणसाला बरा सापडला."

"असं बोलणार हे ठाऊक होतं मला. बाई, खाडी उघडावी असं मला वाटतं, तोंडावर सांगतो. पण त्यासाठी कुणाच्या पेटीत डबा ठेवायचा नीचपणा मी करणार नाही. चार वाजता समिती बसतेय. बंद खाडीत जाळं टाकणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द, हा नियम आहे. आणि तो कुणी मांडला होता, आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. नियम तिच्या भावानेच मांडला होता.

२

धाकटा घराच्या मागच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. जगबुडी आली तरी हा आधी फाटलेलं जाळं शिवेल, असं त्यांची आई म्हणायची.

"डबा कुणाचा?" मोजणीबाईने उभ्याउभ्याच विचारलं.

"माझा."

कुणीतरी ठेवला असं तो म्हणेल, या आशेवर ती इथवर आली होती.

"खाडीत जाळं टाकलंस?"

"नाही."

"मग मासे मिळाले कुठे?"

"बाहेर. खडकांच्या पलीकडे. पावसाळ्यानंतर एकेक करून."

"बाहेर कसे मिळतील? कुंपणातून ते बाहेर येतील कसे? आणि मिळालेच, तर त्याच दिवशी ऑफिसात आणून का दिले नाहीस? सात वेळा विसरलास?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती नजर चोरी पकडल्यासारखी नव्हती. आजारी माणसाला आजार सांगावा की नाही अशा पेचात पडलेल्याची असते, तशी होती.

"ताई, तू यात पडू नकोस," तो म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"वा! परवाना गेला तर खाशील काय? जाळ्याच्या गाठी?"

तो पुन्हा विणायला लागला. तिला इतका राग आला की लहानपणीसारखी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटलं. पण पन्नाशीच्या माणसाला धपाटा घालता येत नाही, आणि रागाच्या तळाशी भीती होती हे तिचं तिला कळत होतं.

भावजय दारापर्यंत पोचवायला आली. रडून तिचे डोळे सुजले होते. "वन्सं, तो डबा मी दोन महिन्यांपूर्वीच पाहिला होता. देऊन का येत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, हे दाखवलं तर आपल्यातलंच माणूस बुडेल. एवढंच. पुढे तोंडच उघडेनात. आपल्यातलं म्हणजे हेच की नाही? दुसरं कोण?"

मोजणीबाईला तरी दुसरं कोण दिसणार? चेअरमन आपल्यातले नव्हेत. आणि घरातलं माणूस म्हणजे हे दोघं आणि ती स्वतः.

३

बंद खाडीच्या तोंडाशी राखणदाराची पत्र्याची खोली होती. राखणदार इतका किडकिडीत, की सगळे त्याला काडी म्हणत. वारा सुटला की काडीला खांबाला बांधून ठेवा, ही गावातली जुनी थट्टा होती. आज मात्र वारा नसतानाही तो हलत होता. बाईंना पाहताच उठला, बसला, पुन्हा उठला आणि न विचारता चहा ठेवायला लागला.

"रात्री-अपरात्री कुणाची होडी कुंपणाशी आली होती का रे?"

"नाही बाई. देवाशपथ नाही. मी इथंच असतो."

"भरतीला कुंपणावरून जाळं टाकता येतं म्हणतात."

"म्हणणारे म्हणतील. आवाज होतो ना पाण्याचा. माझी झोप कशी, मांजर गेलं तरी उठतो." त्याने कप पुढे केला. "धाकटेभाऊ तसं करणारे नाहीत बाई. मी समितीत सांगेन तसं."

"तू सांगून काय होणार? चोर आला नाही म्हणालास तर बिल्ले आले कुठून, ते विचारतील."

काडी चहाचं भांडं विसळायला वळला. चहा पिताना बाईची नजर भिंतीवर गेली. कुंपणाला मधोमध एक दार होतं. कुंपण उभं राहिलं त्या दिवसापासून ते बंद केलं की त्याला प्लास्टिकचं लाल कडं लावायचं, आणि उघडायचं तर ते कडं कापायचं, म्हणजे दार किती वेळा उघडलं ते कळतं. कापलेली कडी काडी खिळ्याला अडकवून ठेवायचा. सवयीने तिने ती मोजली. नऊ.

"मासे आत सोडून झाल्यावर दार पुन्हा उघडलं नाहीस ना?" तिने विचारलं.

"एकदाही नाही. शेवटचं कडं अजून दाराला आहे तसंच आहे. बघा हवं तर."

तिने जाऊन पाहिलं. कडं जागच्या जागी होतं, उन्हाने फिकं पडलेलं. म्हणजे दारातून कुणी गेलं नव्हतं. मग उरलं काय, तर कुंपणावरून जाळं. ती भावाला सोडवायला निघाली होती आणि प्रत्येक पावलागणिक त्याच्या गळ्याभोवतीचा फास आवळत होती.

४

ऑफिसच्या वरच्या खोलीत डॉक्टर बसले होते. डॉक्टर म्हणजे माशांचे. औषधपाणी करणारे नव्हेत, तरी गावातल्या बायका त्यांना खोकल्यावर काय घ्यावं ते विचारायच्या. वय बत्तीस, बिल्ल्यांची योजना त्यांचीच. सात बिल्ले टेबलावर कागदावर मांडलेले होते.

"उरलेले कोरे बिल्ले कुठे आहेत?" बाईने आल्याआल्या विचारलं.

डॉक्टरांनी कपाट उघडून पाकीट दाखवलं. मोहोर न फोडलेलं, आत शंभर. "मीही आधी हाच विचार केला बाई. कुणीतरी कोरे बिल्ले त्यांच्या डब्यात टाकले असतील. पण हे बघा."

बघायची गरज नव्हती, तरी तिने भिंग लावून पाहिलं. प्रत्येक बिल्ल्यावर पांढरा, खरखरीत थर चढला होता आणि दोरा सुरीने कापलेला होता. हे बिल्ले माशाच्या पाठीवर महिनोन्‌महिने पाण्यात हिंडले होते. कुणी काही ठेवलेलं नव्हतं.

"असला पांढरा थर बाहेरच्या खडकांपाशी धरतो," ती म्हणाली. "खाडीच्या गढूळ पाण्यात हिरवं शेवाळ येतं."

"असेल. पण थर दाखवून समितीचं समाधान होणार नाही. मासे आत सोडले हे तुमच्या वहीत लिहिलंय. वही एकीकडे आणि थर एकीकडे, तर लोक वहीवर विश्वास ठेवतील. तुमच्या वहीवर तर ठेवतीलच."

ही तारीफ होती, पण आज ती तिला नको होती. तिने बिल्ले नंबरांप्रमाणे लावले. काही सुचलं नाही की ती हातातली वस्तू ओळीने लावायची. दोनशे त्रेचाळीस, सत्तेचाळीस, एक्कावन्न, छप्पन्न, बासष्ट, अडुसष्ट, सत्त्याहत्तर. लावता लावता तिचा हात थांबला.

"डॉक्टर, आपण एकूण मासे किती सोडले?"

"चारशे. रोज चाळीस, असे दहा दिवस."

"म्हणजे सातव्या दिवशीचे नंबर कोणते?"

डॉक्टरांनी मनात हिशेब केला. "दोनशे एक्केचाळीस ते दोनशे ऐंशी." मग तेही थांबले.

"सातही बिल्ले सातव्या दिवसाचे," ती म्हणाली. "आत चारशे मासे एकत्र पोहतायत. चोराने जाळं टाकलं तर त्यात पहिल्या दिवसाचा मासा येईल, शेवटच्या दिवसाचाही येईल. जाळ्याला तारीख कळत नाही हो!"

"म्हणजे त्या दिवसाचे मासे... आत गेलेच नाहीत?"

"दार दहा दिवसांत दहा वेळा उघडायला हवं. काडीच्या खिळ्याला कापलेली कडी नऊच आहेत. मी मोजलीत."

डॉक्टर ताडकन उठले. "मग सुटले तुमचे भाऊ! पण वहीत..." त्यांनी वही उघडून सातव्या दिवसाचं पान काढलं. "वहीत तर स्पष्ट लिहिलंय. सोडण्याची जागा, बंद खाडी. हे कुणी लिहिलं?"

बाई पानाकडे पाहत राहिली. पानावरचे सगळे आकडे पसरलेले होते. मासे हाताळताना हात ओले असतात, कागद भिजतो, शाई फुटते. ऑफिसला पेन्सिल चालत नाही, त्याला इलाज नाही. चाळीस ओळी अशाच फुटक्या, गबाळ्या. फक्त जागेचा रकाना स्वच्छ होता. "बंद खाडी, बंद खाडी" असं वरपासून खालपर्यंत, सुबक, कोरड्या अक्षरात.

अक्षर तिचंच होतं. जागेचा रकाना ती रोज सकाळी चहाआधी, हात कोरडे असताना भरून ठेवायची. सव्वीस वर्षं तशीच भरत आली होती. होडी कुठे जाणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं असायचं, मग ओल्या हाताने पान कशाला बिघडवायचं? दहांपैकी नऊ दिवस ती माशांच्या टबाबरोबर स्वतः दारापर्यंत गेली होती. सातव्या दिवशी गुडघा सुजला होता. तिने धक्क्यावर बिल्ले लावले आणि टब काडीच्या हवाली केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सकाळपासून ती ज्या खोट्या माणसाला शोधत होती, ते माणूस तीच होती.

५

काडीला बोलवून आणायला लागलं नाही. तीन वाजता तो आपण होऊनच ऑफिसच्या पायरीशी येऊन बसला होता. बाईने त्याच्या शेजारी बसून एवढंच विचारलं, "सातव्या दिवशी दार उघडलं नाहीस ना?"

"उघडेना हो बाई!" तो रडायलाच लागला. "वारा असा होता, पाण्याची ओढ अशी, की दार हलेना. टबातले मासे पोट वर करायला लागले होते. चाळीस जीव. परत आणेपर्यंत एक जगला नसता. म्हणून दाराबाहेरच ओतले, जगतील तरी म्हणून. तुम्हाला सांगायलाच आलो होतो संध्याकाळी. पण वही टेबलावर उघडी होती, आणि तुम्ही 'बंद खाडी' असं लिहून ठेवलेलंच होतं. म्हटलं, बाईंनी लिहिलंय, आता खोडायला कशाला लावा."

तिला त्याच्यावर चिडता आलं नाही. चूक करणारा हा असला, तरी ती चूक पुसून काढणारं अक्षर तिचं होतं. लिहिलेलं आधी आणि घडलेलं नंतर, असं झालं की घडलेल्याला जागाच उरत नाही.

समोर दोन वाटा होत्या. सात नंबर आणि नऊ कडी दाखवायची, सगळा दोष काडीवर टाकायचा आणि रकान्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. भाऊ सुटला असता. काडीची नोकरी गेली असती, तिची चार महिन्यांनी इतमामाने संपली असती. तसं करावं असं तिला वाटलं नाही असं नाही. चांगली पाच मिनिटं वाटलं. मग ती उठली.

चार वाजता समिती बसली. खालच्या खोलीत माणसं मावेनात. कुणी खिडकीत, कुणी दारात. धाकटा मागच्या भिंतीशी खाली मान घालून उभा होता. बाईने वही टेबलावर ठेवली आणि नंबर, कडी, वारा सगळं एकामागून एक सांगितलं. लोकांच्या माना डोलायला लागल्या. मग तिने पान उघडून दाखवलं.

"आणि हा रकाना मी सकाळीच भरला होता. मासे सोडायच्या आधी. काडीने सांगितलं नाही, कारण माझं लिहून झालेलं पाहिलं त्याने."

मागून धाकटा ओरडला, "ताई, पुरे!"

"तू गप्प बस. सकाळपासून गप्पच होतास ना?"

चेअरमननी वही जवळ ओढली. त्यांनी बराच वेळ पान पाहिलं, आणि मग जे विचारलं ते विचारताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "बाई, हे फक्त त्या दहा दिवसांत? की नेहमीच?"

"नेहमीच."

"म्हणजे सव्वीस वर्षांच्या वह्यांत कुठला मासा कुठे मिळाला हे..."

"लांबी खरी आहे. प्रत्येक माशाची लांबी मी ओल्या हाताने लिहिली आहे. जागा मात्र कोरड्या हाताची आहे. होडी ठरलेल्या ठिकाणी गेली असेल तर खरी."

कुठल्या पाण्यात मासे कमी झाले, कुठे जाळी थांबवावी, हे सगळं त्याच वह्यांवरून ठरत आलं होतं. खाडी बंद करायचंही त्यावरूनच ठरलं होतं. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते.

अर्ध्या तासात निकाल झाला. धाकट्यावरचा आळ खोटा, परवाना कायम. काडीला ताकीद. तपासणी होईपर्यंत मोजणीबाईंच्या वह्या वापरू नयेत, आणि पाट व चालू वही त्यांनी ऑफिसात जमा करावी. कुणी वाईट शब्द बोललं नाही. चेअरमननी तर जाताना तिला वाट करून दिली. ते तिला जास्त लागलं.

पाट जमा करून ती धक्क्यावर आली. धाकटा होडीचा दोर सोडत होता. उन्हं अजून उतरायची होती.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तिसऱ्या बिल्ल्याला. पहिला मिळाला तेव्हा देणारच होतो. दुसरा मिळाला, तर नंबर जवळचा. तिसराही त्याच्याच आसपासचा. मग आठवलं, मासे सोडायच्या दिवसांत एकदाच तू टबाबरोबर न जाता घरी आली होतीस, गुडघा शेकत. मी तेल आणून दिलं होतं तुला." तो दोराच्या गाठीकडे पाहत बोलत होता. "बिल्ले दिले असते तर पहिलं बोट तुझ्या वहीवर गेलं असतं. थोडेच महिने तर राहिले होते. म्हटलं, तेवढे निघून जातील."

"आणि तोवर तू चोर ठरला असतास. परवाना गेला असता."

"गेला असता. दुसऱ्या कुणाच्या होडीवर गेलो असतो. हात आहेत. तुला दुसरं नाव कुठून आणून दिलं असतं?"

तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पन्नाशीच्या माणसाला घालता येत नाही म्हणतात, पण तिने चांगला जोरात घातला, आणि मग हात तिथून काढला नाही. दोघं तसेच उभे राहिले. ती रडत होती, आणि कोण बघतंय याची तिने पर्वा केली नाही.

थोड्या वेळाने त्याने खिशात हात घालून एक पिवळा बिल्ला काढला. "हा आज पहाटेचा. डब्यात टाकायचा राहून गेला. दोनशे चौपन्न."

बिल्ला जमा करायचा छापील कागद ऑफिसच्या दारात टांगलेला असायचा. त्याने एक फाडून आणला आणि पेनासकट तिच्यापुढे धरला. आजवर त्याचे सगळे कागद तिनेच लिहिले होते.

"मला आता लिहायची परवानगी नाही," ती म्हणाली. "तू लिही."

तो उकिडवा बसला. हात दोराच्या पाण्याने ओले होते. 'मासा कुठे मिळाला' या ओळीवर त्याने सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं, 'कुंपणाबाहेर, खडकांच्या पलीकडे'. कागद भिजला आणि शाई फुटून चहूकडे पसरली. त्याने ओशाळून कागद तिच्यापुढे धरला.

"वाचता येतंय का, ताई?"

"येतंय," ती म्हणाली.